गाळाने मागे सारलेली बंदरे: रेवदंडा ते वेंगुर्ले

सोमवार, रेवदंडा आणि चौल

अलिबागहून येणारा रस्ता तटबंदीतूनच रेवदंड्यात शिरतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो किल्ल्यातच उभा राहून किल्ल्याचा पत्ता विचारतो. आत घरे आहेत, दुकाने आहेत, देवळे आहेत आणि या सगळ्यांच्या पाठीमागे, नारळी-पोफळीच्या दाट वाड्यांमध्ये, पोर्तुगीजांचे एक आख्खे शहर मोडून पडलेले आहे. एके काळी अरबस्तानापासून युरोपपर्यंत ज्यांचा बोलबाला होता आणि आज ज्यांची ओळख एसटीच्या पाटीपुरती उरली आहे, अशी कोकणची बंदरे उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत जायची, असा बेत मी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेला माझा एक मित्र बरीच वर्षे करत होतो. जानेवारीच्या अखेरीस त्याला मुहूर्त लागला आणि त्याच्या जुन्या गाडीने आम्ही निघालो.

चौलचे वय मोजू लागले की शतके कमी पडतात. टॉलेमीच्या भूगोलात ते सिमुल्ला या नावाने येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला होता आणि त्याने त्याला सैमूर म्हटले आहे. 1469 च्या सुमारास रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा विकण्याच्या आशेने याच किनाऱ्यावर उतरला आणि पुढे जुन्नरला गेल्यावर तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला. या निकितिनचे स्मारक रेवदंड्यात आहे. पोर्तुगीजांना 1516 मध्ये वखारीची परवानगी मिळाली, पुढे त्यांनी किल्ला उभारला, आणि 1740 मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. तोवर व्यापाराने पाय काढलेला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत वस्ती वाढवू पाहणाऱ्या इंग्रजांनी चौलचे रेशीम विणकर तिकडे बोलावून घेतले होते, ही गोष्ट मला तोफांच्या लढायांपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण तट पाडला तर पुन्हा बांधता येतो, पण माग उचलून नेला की त्याबरोबर गिऱ्हाईकही जाते.

सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले कोसळलेले आहेत. तरी जे उरले आहे ते मान वर करून पाहावे लागते. पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत आणि एका तोफेवर कुणीतरी धुतलेले पोते वाळत घातले होते. जवळच्या एका चर्चच्या भिंतीपाशी विवाहपूर्व छायाचित्रांसाठी आलेले एक जोडपे आणि त्यांच्याबरोबरचे चार-पाच जण होते. भिंतीला लागूनच असलेल्या वाडीतून पाण्याचा निळा पाइप आडवा गेला होता, आणि तो चित्रात येतो म्हणून काढता येईल का, असे छायाचित्रकाराने वाडीवाल्यांना विचारले. कमरेला कोयती अडकवलेले ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "काढतो की. मग पोफळींना पाणी तुम्ही शेंदून घाला." पाइप राहिला आणि जोडपे दहा पावले पुढे सरकले.

आम्ही त्यांच्याशी बोलत बसलो. त्यांच्या अंगणात सोललेली आणि न सोललेली सुपारी वेगवेगळ्या चटयांवर पसरलेली होती. वाडीच्या कुंपणाची एक बाजू म्हणजे चक्क पोर्तुगीज भिंत होती, तिच्यातल्या खिडकीच्या कोनाड्यात पंपाच्या मोटरचा खटका बसवलेला होता आणि त्यावर पाऊस लागू नये म्हणून पत्र्याचा तुकडा ठोकलेला होता. "लोक येतात आणि म्हणतात, किती ओसाड, किती छान," ते म्हणाले. "आम्ही इथे रोज राबतो, तर ओसाड कसलं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि पुढचा सारा प्रवास तो माझ्याबरोबर राहिला.

मंगळवार, दाभोळ

साळावचा पूल ओलांडला की डावी-उजवीकडे लक्ष न देता पुढे जाणे कठीण असते. कोर्लईच्या टेकडीखालच्या गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घराघरांत बोलली जाते, आणि ते गाव एका वेगळ्या सहलीचे मानकरी आहे. आम्ही आगरदांड्याहून दिघीला आणि बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने खाड्या ओलांडल्या आणि दापोलीमार्गे दुपार कलताना दाभोळला उतरलो. उतरलो हा शब्द अक्षरशः खरा आहे, कारण रस्ता सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून, वळणे घेत थेट वाशिष्ठीच्या मुखाशी येतो आणि डोंगर व पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव वसलेले आहे.

निकितिन चौलला उतरला आणि काही वर्षांनी मायदेशी परतण्यासाठी दाभोळहूनच जहाजात बसला. घरी मात्र तो पोहोचला नाही, वाटेतच वारला. त्याच्या टिपणांतले दाभोळ हे अरबस्तान आणि खुरासानहून घोडे उतरवणारे मोठे बंदर आहे. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत या गावाने जे भोगले त्याचे मूळ पुन्हा चौलमध्ये आहे. 1508 च्या मार्चमध्ये चौलच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला निघालेल्या बापाने वर्षाच्या अखेरीस, दीवला जाण्यापूर्वी, दाभोळ जाळले. चौलच्या लढाईशी दाभोळकरांचा संबंध नव्हता. त्यांचे बंदर वाटेत होते, एवढेच.

आगीतून गाव पुन्हा उभे राहिले. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, माडांच्या आड, काळ्या दगडाची जी मशीद आहे ती 1659-60 मधली, म्हणजे जळिताच्या दीडशे वर्षांनंतरची. विजापूरची एक शहजादी हजला निघाली, समुद्रावरच्या चाच्यांच्या भीतीने दाभोळलाच थांबली आणि यात्रेसाठी आणलेले धन तिने या बांधकामात घातले, अशी दंतकथा गावात सांगतात. मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांवरचे मिनार विजापुरी धाटणीचे आहेत; एवढी डौलदार इमारत एवढ्या अडचणीच्या जागी पाहून प्रथम आश्चर्य वाटते, आणि मग लक्षात येते की जहाजातून येणाऱ्याच्या दृष्टीने ही जागा गावाचा दर्शनी भाग होती. आपण तिच्याकडे पाठीमागून, म्हणजे रस्त्याने, येतो. कोकणातल्या जुन्या बंदरांविषयी आपला बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतो: समुद्राकडे तोंड करून बसलेल्या गावांना आपण घाटावरून पाहतो आणि ती कोपऱ्यात पडलेली आहेत असे म्हणतो.

बुधवार, दाभोळहून जैतापूर

सकाळच्या फेरीबोटीने धोपाव्याला जाताना पलीकडच्या किनाऱ्यावर वीज प्रकल्प दिसतो. एन्रॉन या कंपनीमुळे दाभोळचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापले गेले, पण तो प्रकल्प दाभोळात नव्हे, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. 2001 मध्ये तो बंद पडला आणि पुढे दुसऱ्या नावाने सुरू झाला. संध्याकाळी आम्ही जैतापूरला पोहोचलो तेव्हा याच गोष्टीची दुसरी आवृत्ती भेटली: जैतापूरचे नाव अणुऊर्जा प्रकल्पामुळे सर्वांना ठाऊक आहे, आणि प्रकल्पाची जागा काही किलोमीटरवरच्या माडबनच्या सड्यावर आहे. जुन्या बंदराचे नाव अजून वजनदार असते, त्यामुळे शेजारी जे काही उभे राहणार असेल त्याला ते लावले जाते. गावाच्या वाट्याला बातम्या येतात, काम येत नाही.

दाभोळची फेरीबोट सरळ रेषेत जात नाही, हे सकाळीच माझ्या मित्राने दाखवले होते. तांडेल ती आधी एका अंगाला नेतो आणि मग वळवतो, कारण मध्ये वाळूचा दांडा आहे. त्यावरून मित्राने जो पाठ घेतला तो थोडक्यात असा. सह्याद्रीपासून समुद्र इथे इतका जवळ आहे की नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगरउतारावरची झाडे तुटली की जांभ्याची तांबडी माती थेट ओढ्यात येते. हे गढूळ पाणी वेगाने खाली येते तोवर माती पाण्याबरोबर राहते, पण भरतीचे पाणी जिथे समोरून येऊन त्याला अडवते तिथे वेग मोडतो आणि माती खाली बसते. म्हणजे गाळ नेमका तिथेच साचतो, जिथे भरतीच्या जोरावर गलबते आत येत असत आणि ज्या कारणाने ते गाव तिथे वसले होते. त्यातच जहाजे मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागू लागले. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली आणि देशावरचा माल घाट उतरून या खाड्यांकडे येण्याऐवजी मुंबईकडे वळला. एकच कारण असते तर गावांनी काही तोड काढली असती; तीन कारणे एकामागून एक आली.

गुरुवार, राजापूर

राजापूर समुद्रापासून सुमारे 24 किलोमीटर आत, खाडीच्या टोकाशी आहे, आणि बंदर इतके आत असू शकते हे आज त्या अर्जुना नदीकडे पाहून कुणालाही खरे वाटणार नाही. इंग्रजांनी 1649 मध्ये इथे वखार घातली, फ्रेंचही पुढे आले. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि त्याची किंमत त्यांना पुढच्याच वर्षी मोजावी लागली: शिवाजी महाराजांनी राजापूरवर चाल केली, वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह तिथले इंग्रज कैदेत टाकले. या नुकसानभरपाईची बोलणी थेट 1674 च्या राज्याभिषेकापर्यंत रखडली होती.

मला मात्र या पराक्रमांइतकीच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटिअरमधली एक नोंद मोलाची वाटते. अरबांची जहाजे अजून थेट येतात असे रत्नागिरी जिल्ह्यातले हे एक बंदर आहे, असे तिथे म्हटले आहे, आणि लगेच पुढे सांगितले आहे की बऱ्या आकाराचे कोणतेही जहाज आता जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. धक्का होता, व्यापारी होते, येणारेही होते. पाणी तेवढे तीन मैल मागे गेले होते. ओसरण्याची इतकी नेमकी मोजणी मी दुसरीकडे वाचलेली नाही. त्याच नोंदीत गावाला कोकणातले सर्वांत जुन्या वळणाचे आणि उत्तम टिकलेले गाव म्हटले आहे, आणि रस्ते अरुंद व चढणीचे असल्याचे नमूद केले आहे. रस्ते तसेच आहेत. अणस्कुरा घाटातून येणाऱ्या बैलांच्या तांड्यांना पुरेशी असलेली रुंदी आता दोन दुचाक्या समोरासमोर आल्या की संपते. पावसाळ्यात मात्र पाणी व्याजासह परत येते. पात्र उथळ झाल्यामुळे जवाहर चौकातल्या दुकानदारांना दरवर्षी माल माळ्यावर चढवावा लागतो. अलीकडे नदीतला गाळ उपसण्याचे कामही झाले आहे.

चढणीच्या एका आळीत ओळीने चार घरे बंद होती. पहिल्या घराच्या कुलपावर दुधाच्या पिशवीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधलेला होता आणि आत तेलाचा ओघळ दिसत होता, म्हणजे कुणीतरी निगा राखत होते. पाचव्या घराच्या ओटीवर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या दाराच्या आत, चौकटीला मारलेल्या खिळ्यांवर, निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या बांधलेले किल्ल्यांचे जुडगे लटकत होते. हिरवी चिंधी कुणाची, तांबडी कुणाची, हे त्यांना पाठ होते.

"काकू, ही सगळी माणसं मुंबईला?"

"मुंबईला कुठली आता! डोंबिवली, विरार, एक तर पुण्याला. गणपतीला येतात, शिमग्याला कुणी येतो, कुणी नाही. मी आठवड्यातून एकदा दारं उघडते. वारं लागलं नाही की घर आतून खातं."

घर कसे मरते ते त्यांनीच सांगितले, आणि एखाद्या वैद्याने रोगाची वाटचाल सांगावी इतके ते पद्धतशीर होते. माकडांनी एक कौल सरकवले की पहिल्या पावसात वाशावर पाणी पडते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वासा काळा पडतो आणि वाळवी चढते. वासा बसला की त्याच्या आजूबाजूची दहा कौले खाली येतात. मग पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर. चिरा चांगला असेल तर भिंत टिकते, पण चिऱ्यांच्या सांध्यांतली माती धुऊन गेली की चिरे सुटतात. एक कौल वेळेवर सारखे केले असते तर यातले काहीच झाले नसते. "मग कुणी करत का नाही?" असे मी विचारल्यावर त्या हसल्या. "करायचं कुणी? उताऱ्यावर नावं किती आहेत ती मोजायला बसलात तर चहा निवेल. एकानं खर्च केला तर दुसरा म्हणतो, घर हडपायला बघतोय. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि दोघं तर कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही." चौथ्या घराचे छप्पर बसले होते आणि आत रानतुळस माजली होती. त्या घराची किल्ली अजून खिळ्यावर होती.

रेवदंड्याच्या वाडीवाल्यांच्या प्रश्नाला इथे थोडेफार उत्तर मिळाले. पडक्या जागांची ओढ मलाही आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. ज्या धक्क्यावर जहाज येणार नाही त्याचे घडीव दगड पाहताना बांधणाऱ्याचा भरवसा जाणवतो, आणि तो भरवसा चालत्या बंदरात गर्दीमुळे दिसत नाही. पण या ओढीतला बराचसा भाग असा आहे की तिथले कौल सारखे करण्याची जबाबदारी आपल्यावर नसते. ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याला ती भिंत सुंदर दिसत नाही, त्याला भावांची भांडणे दिसतात. भरलेल्या घरात किल्ल्यांचे जुडगे सांभाळणाऱ्या काकूंना तर आपण चित्रात घेतही नाही, कारण त्या दिसल्या की गाव ओसाड वाटेनासे होते.

शुक्रवार, खारेपाटण

खारेपाटणला आम्ही अर्धा दिवसच दिला, आणि गावात पाहण्यापेक्षा आठवण्यासारखे अधिक आहे. विजयदुर्गच्या मुखापासून सुमारे 40 किलोमीटर आत, वाघोटणच्या खाडीवरचे हे ठिकाण आज महामार्गावरच्या चहाच्या थांब्यासारखे वाटते. इथे मिळालेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे 1008 चा आहे. त्यात परदेशातून येणाऱ्या जहाजांकडून घ्यायच्या सोन्याचा हिशेब आहे आणि चेमूल्य व चंद्रपूर, म्हणजे चौल आणि गोव्यातले चांदोर, यांचा वेगळा उल्लेख आहे. सोमवारी जिथून निघालो ते चौल शुक्रवारी एका जकातीच्या कलमात भेटले, याचा मित्राला इतका आनंद झाला की नदीच्या कडेला उभे राहून त्याने मला सगळ्या शिलाहार शाखा ऐकवल्या. समोर एक मुलगा गुडघाभर पाण्यातून म्हशी पलीकडे नेत होता.

शनिवार, वेंगुर्ले

वेंगुर्ल्याची डच वखार 1637 च्या सुमाराची. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना अन्नपाणी मिळावे म्हणून ही जागा निवडली गेली. जाड भिंतींतून वडा-पिंपळाची मुळे खाली उतरली आहेत. संरक्षित वास्तूचा फलक आहे, आणि फलकाच्या पलीकडे संरक्षण फारसे दिसत नाही. या गावाचे दुसरे भाग्य एकोणिसाव्या शतकात उजळले, आंबोली घाटाच्या रस्त्याने बेळगावचा माल इथे उतरू लागला तेव्हा. पण 1880 च्या दशकाच्या अखेरीस मार्मगोव्याला रेल्वे पोहोचली आणि तोही माल तिकडे वळला. मुंबईची आगबोट तेवढी राहिली. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून धक्क्यावर यायचे. पुढे तीही बंद झाली.

धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या आजोबांनी "खंयसून इलास?" असे विचारले आणि आम्ही बंदरे पाहत आलो हे कळल्यावर उत्तराची वाट न पाहता मुंबई-गोवा बोटीचे सगळे थांबे म्हणून दाखवले: जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. "बोट येय तेव्हा हय उभा रवाक जागा नसायची," ते म्हणाले, आणि गळाला लागलेला लहानसा मासा परत पाण्यात टाकून दिला. मात्र वेंगुर्ले मोडकळीला आलेले गाव नाही. मासळी बाजारात सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि 1957 पासून इथे असलेल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती कोकणभर लागल्या आहेत. बंदराने हात टेकले तेव्हा गावाने जमिनीकडे तोंड फिरवले, असे इथे तरी म्हणता येते.

परतीच्या वाटेवर मित्राने एक नवाच मुद्दा काढला. ठाणे, कल्याण आणि सोपारा हीदेखील खाडीवरची प्राचीन बंदरे, आणि त्यांच्याही खाड्या गाळाने भरल्या. पण 1853 मध्ये ठाण्याला आणि पुढच्या वर्षी कल्याणला आगगाडी आली, आणि बंदर बुडाले तरी गाव फुगत गेले. राजापूरच्या काकूंच्या किल्ल्या ज्यांच्या आहेत ती माणसे आज नेमकी त्याच पट्ट्यात राहतात. तेव्हा पुढची सहल तिकडेच काढावी आणि सुरुवात सोपाऱ्याच्या स्तूपापासून करावी, असे त्याचे म्हणणे पडले. मला ते पटले. फक्त सकाळच्या वेळी नालासोपाऱ्याला लोकलमधून उतरायचे कसे, यावर कुडाळपर्यंत आमचे एकमत झाले नाही.